फटीत काय घडतं? ॲल्युमिनियम, खारं पाणी आणि 'कारण' शोधण्याची गोष्ट

आजचा विषय पाहून काहींना वाटलं असेल की सर वाट चुकले. तत्त्वज्ञानाच्या मालिकेत ॲल्युमिनियम कुठून आलं? आणि तेही समुद्राच्या पाण्यात, जळगाव-धुळ्यात बसून? आपल्याकडून सुरतेची वाट धरली तरी धुळ्याहून दोनशे किलोमीटरच्या पुढे जावं लागतं, तेव्हा कुठे खाऱ्या वाऱ्याचा वास येतो.

पण विषय आपल्यातल्याच एकाने आणला आहे. मागच्या दोन व्याख्यानांत आपण न्यायदर्शनात 'कारण' कशाला म्हणतात ते पाहिलं. ते ऐकून शिरपूरकडच्या एका तरुण श्रोत्याने प्रश्न पाठवला. तो मुंबईत बोटींच्या दुरुस्तीच्या कामावर आहे. त्यांनी एका बोटीवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बोल्टने बसवल्या होत्या, खाली फायबरचे वॉशर घालून. वर्षा-दीड वर्षाने उघडून पाहिलं तर उघडा पत्रा चांगला चकचकीत, आणि वॉशरखाली मात्र पांढरी भुकटी आणि खड्डे. मालक म्हणतो, माल हलका. माल पुरवणारा म्हणतो, समुद्राचं पाणी आहे, दुसरं काय होणार? सुपरवायझर म्हणतो, फिटरने बोल्ट नीट आवळले नाहीत. आणि ज्या फिटरचे पैसे कापायचं चाललं आहे तो काहीच म्हणत नाही. मुलाने विचारलं, सर, खरं कारण कोणतं?

आम्ही तत्त्वज्ञानवाले अशा प्रश्नाला सहसा 'कारण म्हणजे काय ते आधी ठरवू' असं म्हणून बगल देतो. इथे एका माणसाची मजुरी अडकली आहे, तेव्हा आधी धातूचं काय होतं ते बघू. आणि आपल्या मातीत हे काही नवीन नाही. अमळनेरला 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं ते श्रीमंत प्रतापशेठांनी, आणि ते गिरणीमालक होते. यंत्र आणि वेदान्त एकाच गावात नांदले आहेत.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. ॲल्युमिनियमला आपल्याकडे जुनी माणसं अजून 'जर्मन' म्हणतात, खेड्यात 'जर्मल'. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. ह्या भांड्याबद्दल एक समजूत पक्की आहे, की ते गंजत नाही. लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही हे खरंच आहे. पण धातू म्हणून पाहिलं तर ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा कितीतरी जास्त उतावीळ आहे. ऑक्सिजन दिसला की लगेच त्याला चिकटतं. आणि ह्या उतावीळपणामुळेच ते वाचतं, कारण चिकटल्याबरोबर पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक घट्ट पापुद्रा तयार होतो. जाडी फक्त काही नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा दहा-वीस हजारावा भाग. तो खालच्या धातूला झाकून टाकतो. घासणीने ओरखडा काढला तर क्षणात परत येतो. आपण 'जर्मनचं भांडं' म्हणून ज्याला हात लावतो, तो हात खरं तर ह्या पापुद्र्यालाच लागतो. उघड्या ॲल्युमिनियमला आपल्यापैकी कुणी कधी स्पर्श केलेला नाही.

हा पापुद्रा कशाने जातो? आपल्या बायकांना हे पुस्तकाशिवाय माहीत आहे. पापडाच्या पिठासाठी पापडखाराचं पाणी उकळायचं तर जर्मनचं पातेलं घेत नाहीत, आणि चिंचेचा कोळ किंवा ताक त्यात रात्रभर ठेवत नाहीत. खार झाला अल्कली, चिंच झाली आम्ल. शास्त्राच्या भाषेत पीएच साधारण 4 ते 8.5 किंवा 9 च्या मधे असेल तोवर पापुद्रा टिकतो. त्याच्या अलीकडे वा पलीकडे गेलं की विरघळतो. मग भांडं सगळीकडून सारखं झिजतं. (कुकर आतून काळा पडतो ती गोष्ट वेगळी. ती पाण्यातल्या क्षारांमुळे पापुद्र्याच्या रंगात होणारी गंमत आहे, तिने भांड्याला भोक पडत नाही.)

आता मीठ बघा. मीठ आम्लही नाही आणि अल्कलीही नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्याचा पीएच असतो 8.1 च्या आसपास. म्हणजे तो पापुद्र्याच्या सुरक्षित हद्दीत आहे. हिशेबाने समुद्राच्या पाण्याने ॲल्युमिनियमला काही होऊ नये, आणि मोकळ्या पत्र्याला बऱ्याच अंशी होतही नाही. ॲल्युमिनियमच्या बोटी वर्षानुवर्षं समुद्रात चालतात त्या ह्याच जोरावर. म्हणून 'समुद्राचं पाणी आहे, दुसरं काय होणार' हे पुरवठादाराचं उत्तर तिथेच लंगडं पडतं. पाणी तर सगळ्या पत्र्याला लागलं होतं. मग खड्डे फक्त वॉशरखाली का?

घरातलं उदाहरण पुन्हा घेऊ. जर्मनच्या डब्यात मीठ ठेवलं आणि पावसाळ्यात त्याला पाणी सुटलं, तर पांढरी भुकटी पहिल्यांदा कुठे दिसते? झाकण जिथे काठावर घट्ट बसतं तिथे. पातेल्याच्या कानाला जिथे रिव्हेट मारलेला असतो, त्या रिव्हेटच्या टोपीखाली. ओलं फडकं भांड्याला चिकटून राहिलं, तर फडक्याखाली. म्हणजे जिथे पाणी आत शिरतं, पण हलत नाही, अशी जागा. ह्याला पुस्तकात फटीतलं संक्षारण म्हणतात. आपण साधं म्हणू, फटीत धातू खाल्ला जातो.

फट म्हणजे किती? बोट जाईल अशी भेग धोक्याची नसते. तिच्यात पाणी खेळतं, आतलं बाहेर, बाहेरचं आत. धोका केसाएवढ्या किंवा त्याहूनही बारीक फटीचा, मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून शंभराव्या भागापर्यंतचा. पाणी ओढलं जाईल इतकी रुंद आणि परत निघू नये इतकी अरुंद.

अशा फटीत पाणी भरलं की पहिले काही तास काहीच विशेष होत नाही. पाण्यात विरघळलेला थोडासा ऑक्सिजन आतही असतो, बाहेरही असतो. सूक्ष्म प्रमाणात धातू झिजतो आणि ऑक्सिजन खर्ची पडतो, दोन्हीकडे सारखंच. पण बाहेरच्याला हवेतून नवा ऑक्सिजन मिळत राहतो. फटीतला संपला की संपला.

इथून दोन जागांची कामं वेगळी होतात. धातू झिजताना दोन गोष्टी घडाव्या लागतात. एकीकडे धातूचा अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो, आणि दुसरीकडे ते इलेक्ट्रॉन कुणीतरी घ्यावे लागतात. घेणारा मुख्यतः ऑक्सिजन. तो आता फक्त बाहेर आहे. म्हणून घेण्याचं काम बाहेर चालतं, देण्याचं काम फटीत. मधे धातूच आहे, इलेक्ट्रॉन त्यातून सहज जातात. बाहेरचा मोठा मोकळा पत्रा आतल्या नखाएवढ्या जागेतून इलेक्ट्रॉन ओढत राहतो. मिळवणारे दहा, देणारा एक, अशी ही व्यवस्था. म्हणून बाहेरचा पत्रा चकचकीत राहतो. फटीतला भाग त्याची किंमत मोजतो.

ही गोष्ट नीट दाखवून दिली ती केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी, 1920 च्या दशकात. त्यांचा एक प्रयोग शाळेतही करता येतो, फक्त तो लोखंडावरचा आहे. घासलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा, त्यात रंग बदलणारी दोन द्रव्यं घालायची. थोड्या वेळाने थेंबाच्या कडेला, जिथे हवा सहज पोचते, गुलाबी रंग येतो. मधोमध, जिथे हवा कमी, तिथे निळा. निळा म्हणजे लोखंड तिथे विरघळतंय. एकाच थेंबात, एकाच पत्र्यावर, जिथे हवा कमी पोचते तिथे धातू खाल्ला जातो. गंज हवेमुळे चढतो असं लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला हे पाहून जरा चक्रावल्यासारखं होतं. आम्हालाही झालं होतं.

पण ॲल्युमिनियमची कथा इथे संपत नाही, आणि लोकप्रिय लेखांत नेमकी इथेच गडबड असते. ते सांगतात, फटीत ऑक्सिजन नाही म्हणून पापुद्रा दुरुस्त होत नाही, झालं. एवढं सोपं नाही. ॲल्युमिनियम इतकं हावरट आहे की ते पाण्याच्या रेणूतूनही ऑक्सिजन काढून घेऊ शकतं. नुसता हवेतला प्राणवायू नसल्याने पापुद्रा मरत नाही. त्याला मारणारी गोष्ट पुढे घडते.

फटीत उतरलेले ॲल्युमिनियमचे आयन धनभारित असतात. ते बाहेर जाऊ शकत नाहीत, जागाच अरुंद. मग भाराचा तोल राखायला बाहेरून ऋणभारित आयन आत येतात. खाऱ्या पाण्यात ते सगळ्यात जास्त कुठले? मिठातले क्लोराइड. आणि त्याच वेळी ॲल्युमिनियमचे आयन पाण्याशी संयोग करून हायड्रॉक्साइड बनवतात आणि हायड्रोजनचे आयन मोकळे सोडतात. हायड्रोजन आयन वाढले म्हणजे आम्ल वाढलं. तिकडे क्लोराइड, इकडे हायड्रोजन. दोन्ही मिळून काय झालं? मिठाचं आम्ल, हायड्रोक्लोरिक. बाहेर समुद्राचा पीएच 8 च्या वर आणि पत्र्याला चिकटलेल्या त्या फटीत तो 3-4 पर्यंत उतरलेला. चिंचेच्या कोळाइतका आंबटपणा. जी चिंच आपण जर्मनच्या पातेल्यात ठेवत नाही, ती फटीने स्वतःच तयार केली!

आम्ल वाढलं की पापुद्रा विरघळतो, धातू आणखी उतरतो, आणखी क्लोराइड आत येतं, आम्ल आणखी वाढतं. चाक फिरायला लागलं की स्वतःच्याच वेगाने फिरतं. वरून गोड्या पाण्याने धुवून काढलं तरी फटीच्या आत ते पोचत नाही. म्हणूनच सुरुवातीला वर्ष-वर्ष काही दिसत नाही आणि मग एकदम खूप दिसतं.

आता मालाबद्दल. मिश्रधातूचा संबंध नाही असं नाही. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं, म्हणून त्यात दुसरे धातू घालतात. विमानाच्या पत्र्याला लागणाऱ्या 2024 नावाच्या मिश्रधातूत 4 टक्क्यांहून थोडं जास्त तांबं असतं. त्याने ताकद येते, पण पृष्ठभागावर तांब्याचे सूक्ष्म कण राहतात, आणि इलेक्ट्रॉन घेण्याचं काम ह्या कणांवर फार सुलभ चालतं. बाहेरची ओढ वाढते. त्याउलट बोटींना वापरतात त्या 5083 मध्ये मुख्यतः मॅग्नेशियम असतं आणि तो खाऱ्या पाण्यात चांगला टिकतो. बोल्ट स्टेनलेस स्टीलचा असेल तर तोही बाहेरच्या ओढीत भर घालतो. पण चांगल्यात चांगला मिश्रधातू घ्या आणि वॉशर प्लॅस्टिकचा लावा, रबराचा लावा, लाकडाचा लावा, फट ती फटच. कापड, कागद, फायबर असा पाणी शोषून धरणारा पदार्थ असेल तर सगळ्यात वाईट.

हे बोटीपुरतंच आहे असं समजू नका. आपल्या धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिककडे निघालं की ओझर लागतं. तिथे 1964 पासून विमानांचा कारखाना आहे, मिग-21 तिथे बनली. विमानाचा पत्रा म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा, एकावर एक चढवून रिव्हेटने जोडलेला. हजारो रिव्हेट, म्हणजे हजारो फटी. त्यांत सीलंट भरण्यात, रंगाचे थर देण्यात जो वेळ जातो तो बाहेरच्या माणसाला उगाच वाटतो.

तो उगाच नाही हे जगाला कळलं 28 एप्रिल 1988 ला. हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचं बोइंग 737 हिलोहून होनोलुलूला निघालं होतं. 24,000 फुटांवर असताना त्याच्या पुढच्या भागाचं छप्पर, साडेपाच मीटर लांबीचं, उडून गेलं. आत 95 माणसं. वैमानिकांनी ते तसंच माऊई बेटावर उतरवलं. एक हवाई सेविका मात्र वाऱ्याने ओढून नेली, ती सापडली नाही. ते विमान 1969 चं, बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्या करणारं, तोवर 89,680 उड्डाणं झालेली, आणि सतत समुद्राच्या हवेत. पत्र्याचे जोड सुरुवातीला चिकटवलेले होते. ती चिकट सुटली, फटीत ओल शिरली, पत्रा आतून खाल्ला जाऊ लागला. ही पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेते, त्यामुळे ती दोन पत्र्यांना एकमेकांपासून ढकलते. भार रिव्हेटवर आला, रिव्हेटच्या भोकांपासून बारीक चिरा निघाल्या, आणि एक दिवस त्या एकमेकींना मिळाल्या. विमानात चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळ पत्र्यात चीर दिसली होती. ती कुणाला बोलली नाही.

अमेरिकेच्या चौकशी मंडळाने ह्याचं कारण काय दिलं? चिकटवलेला जोड सुटल्याचं आणि चिरा पडल्याचं देखभालीत लक्षात आलं नाही, हे मुख्य कारण. त्याखाली हातभार लावणाऱ्या गोष्टी: कंपनीचं व्यवस्थापन, सरकारी देखरेख, बनवणाऱ्याने जोडाचा दोष पुरता न काढणं. वाचताना आम्हाला न्यायशास्त्राचं पान उघडल्यासारखं वाटलं.

नैयायिक म्हणतात, एका कारणाने कार्य होत नाही, सामग्रीने होतं. सगळी कारणं एकत्र जमली की कार्य टळत नाही, एक कमी असलं तर घडत नाही. मग सामग्रीत कोण बसतं आणि कोण नाही हे पारखायचं. कुंभाराचं गाढव माती आणतं, पण ते घड्याचं कारण नाही, माती दुसऱ्या कशानेही आली असती. त्याला अन्यथासिद्ध म्हणतात. आणि काळ? काळ हे सगळ्याच कार्यांचं साधारण कारण. म्हणून 'जुनं झालं, खराब होणारच' हे वाक्य खोटं नाही, पण त्यातून ह्याच जागी का, हे कधीच कळत नाही.

सगळ्यात जवळचं उदाहरण आहे मणीचं. आगीजवळ चंद्रकांत मणी ठेवला तर ती जाळत नाही, असं जुने लोक मानत. ते खरं की खोटं हे सोडून द्या, वाद त्यातून काय निघाला ते बघा. मीमांसक म्हणाले, आगीत जाळण्याची 'शक्ती' असते, मणी तिला मारतो. नैयायिक म्हणाले, वेगळी शक्ती कशाला? मणी हा प्रतिबंधक, आणि प्रतिबंधकाचा अभाव हेही दहनाचं एक कारण माना. म्हणजे काहीतरी नसणं हे कारण! पण मग कुणी विचारलं, मणी असूनही कधीकधी जळतं ते कसं? त्यावर त्यांचं उत्तर, तिथे 'उत्तेजक' म्हणजे दुसरा एक मणी आलेला असतो, तो पहिल्याला निकामी करतो.

आता फटीकडे पाहा. धातूची झिजण्याची ओढ म्हणजे आग. ऑक्साइडचा पापुद्रा म्हणजे मणी. आम्लात बसलेलं क्लोराइड म्हणजे उत्तेजक. आणि ह्या साऱ्याला जागा करून देणारा ऑक्सिजनचा अभाव, तोही फक्त इथला, कारण तिथे बाहेर तो आहे. दोन्हीकडे ऑक्सिजन असता तरी हे घडलं नसतं आणि दोन्हीकडे नसता तरी असं घडलं नसतं. अभावाला नेहमी विचारावं लागतं, कशाचा आणि कुठे. नैयायिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला म्हणून आमच्याच लोकांनी त्यांची थट्टा केली. त्यांना संक्षारण माहीत नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. ही तुलना आमची आहे, त्यांच्या ग्रंथात ती शोधू नका.

तर शिरपूरच्या मुलाला आम्ही काय लिहिलं? पुरवठादाराचं मीठ सामग्रीत आहे, पण एकटं नाही. मालकाचा 'हलका माल' तपासण्यासारखा आहे, कुठला मिश्रधातू ते कागद मागव. पण दोघांनीही ती फायबरची वॉशर कुणी निवडली हे विचारलेलं नाही, आणि फटीत सीलंट भरायचं नकाशात लिहिलं होतं का हेही नाही. फिटरबद्दल तर उलटंच आहे. बोल्ट कितीही आवळला तरी दोन कोरड्या पृष्ठभागांमधे पाणी ओढणारी बारीक फट उरतेच, आणि आवळून ती जितकी अरुंद होईल तितका ऑक्सिजन लवकर संपतो. त्याने अजून जोर लावला असता तर पट्टी वाचली नसती.

बसवताना वॉशर न शोषणारा घ्यायचा, दोन्ही पृष्ठभागांना ओला सीलंट लावून मगच बोल्ट आवळायचा, बाजूने बाहेर आलेला सीलंट पुसून काढायचा नाही, तो कडेला तसाच राहू द्यायचा. जमेल तिथे बोल्टऐवजी सलग वेल्डिंग. पाणी साचेल असा कोपरा ठेवायचा नाही. हे सगळं त्याच्या फिटरला बहुतेक आधीच माहीत असेल. त्याला कुणी विचारलं नसेल.

आणि एक गोष्ट आम्ही त्याला करायला सांगितली आहे. पुढची पट्टी उघडशील तेव्हा ती लगेच धुवायची नाही. वॉशर काढल्याबरोबर आतल्या ओलीला पीएचचा कागद लावायचा, आणि दुसरा कागद शेजारच्या समुद्राच्या पाण्याला. दोघांचे फोटो एकाच उजेडात काढून सुपरवायझरच्या टेबलावर ठेवायचे. उत्तर आलं की पुढच्या वेळी सांगू. आता तुमचे प्रश्न घेऊ.